पावसाळ्यांतील रहिवासी आणि उपरे



मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला, कीं त्या रात्रीं कोंकणांतील भातखाचरांतून जो गलका उठतो, तो ज्यानें एकदां ऐकला त्याला विसरणें शक्य नाहीं. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत राहणाऱ्या मंडळींना तो आतां दुर्मिळ झाला आहे. पण ज्यांचें आजोळ कोंकणांत आहे त्यांना मी कशाविषयीं बोलतों आहें, हें निराळें सांगावयास नको. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील १०३ वें सूक्त सबंध बेडकांवर आहे. एका बेडकाच्या हांकेला दुसरा ओ देतो, तें ऐकून त्या ऋषीला गुरूच्या मागून धडा घोकणाऱ्या शिष्याची आठवण झाली. मीं छत्तीस वर्षें शाळेंत मास्तरकी केली. त्या उपमेची यथार्थता पटण्यासाठीं मला भाष्य वाचावें लागलें नाहीं.

आज मला ह्याच गायकवर्गाविषयीं, म्हणजे आपल्या उष्ण व पावसाळी प्रदेशांतील उभयचर प्राण्यांविषयीं बोलावयाचें आहे. त्यांतले मूळचे रहिवासी कोण आणि माणसाच्या बोटाला धरून आलेले उपरे कोण, आणि उपऱ्यानें घरांत पाय ठेवला म्हणजे काय घडतें, हा माझा विषय. उदाहरण मीं दूरचें घेतलेलें नाहीं. एका बाजूला आपला सह्याद्रि व कोंकण, आणि दुसऱ्या बाजूला अंदमान. दोहोंकडे पाऊस मुबलक, दोहोंकडे हवा दमट. आणि गंमत अशी, कीं एकाच जातीचा बेडूक एका ठिकाणीं रहिवासी आहे व दुसऱ्या ठिकाणीं उपरा.

'उभयचर' हा शब्द पाठ्यपुस्तकामुळें सर्वांच्या परिचयाचा आहे. पाण्यांत जन्मतो, शेपटी झडते, पाय फुटतात, जमिनीवर येतो, इतकें आपण सारेच पाठ करून बसलों आहोंत. परंतु ह्या प्राण्याचें खरें मर्म त्याच्या कातडीत आहे, तें मीं स्वतःदेखील वर्गांत कधीं सांगितलें नाहीं. बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं. ओल्या जागीं बसून तो पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीनें पाणी शोषून घेतो. श्वासोच्छ्वासाचा बराचसा भागहि तो त्याच वाटेनें उरकतो. जी कातडी पाण्याला आंत येऊं देते, ती त्याला बाहेरहि जाऊं देते. म्हणून कडक ऊन त्याला मारतें, शेतांत फवारलेलें औषध त्याच्या अंगांत सहज शिरतें, आणि समुद्राचें खारें पाणी तर बहुतेक सर्वच जातींना सोसत नाहीं. आपल्याला समुद्र हा रस्ता वाटतो. बेडकाला ती तटबंदी आहे. हवाई बेटांवर माणूस येण्यापूर्वीं एकहि उभयचर नव्हता, त्याचें कारण हेंच. समुद्राची गोष्ट कशाला, दोन पठारांमधील कोरडी उतरण हीदेखील कित्येक जातींना तटबंदीसारखीच होते. त्यामुळें एका डोंगरमाथ्यावर जी जात भरपूर दिसते, ती शेजारच्या माथ्यावर औषधालाहि सांपडत नाहीं.

भारतांत आजवर चारशेंहून अधिक जातींचे उभयचर नोंदले गेले आहेत, आणि त्यांतला फार मोठा वाटा सह्याद्रीचा आहे. सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीस गेलेले श्रोते पुष्कळ असतील. तेथें वर्षाकाठीं सात हजार मिलिमीटरच्या घरांत पाऊस पडतो. तेथील जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाळ्याच्या आरंभीं ओंजळभर पाण्याच्या खळग्या तयार होतात, आणि त्या खळग्यांत एक लहानसा भेक अंडीं घालतो. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं त्याचें नामकरण करतांना जातिवाचक नांव 'टायग्रिना' असें ठेविलें. सर्व पृथ्वीवर हा प्राणी आंबोलीच्या परिसराखेरीज कोठेंहि सांपडलेला नाहीं. त्याचा एकच सख्खा भाऊ आहे, तो कोयनेच्या बाजूचा. त्याची ओळख १९६३ सालीं झाली. ओंजळभर पाणी चार दिवस ऊन पडलें तर आटून जाणार, म्हणून त्याच्या पिलांना वाढण्याची विलक्षण घाई असते. सहलीला येणाऱ्या मोटारी त्या दिवसांत रस्त्यावर किती भेक चिरडतात, हें एकदां कंदील घेऊन पायीं चालल्याशिवाय कळत नाहीं.

दुसरा एक रहिवासी म्हणजे ज्याला शास्त्रज्ञ बॉम्बे नाइट फ्रॉग म्हणतात तो निशाचर बेडूक. हा ओढ्याच्या कांठीं राहतो आणि पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडीं चिकटवितो. पिलें सुटलीं, कीं टपटप खालच्या पाण्यांत पडतात. सातारा जिल्ह्यांतील जंगलांत रात्री जागवून अभ्यासकांनीं टिपलेली त्याच्या मीलनाची अशी एक तऱ्हा २०१६ सालीं प्रसिद्ध झाली, कीं जी जगांतील दुसऱ्या कोणत्याहि बेडकांत तोंपर्यंत पाहण्यांत आली नव्हती. शिवाय ह्या जातींत मादीदेखील साद घालते. बेडकांच्या कुळांत हें काम सहसा नराकडेच असतें. झाडांवर राहणारा हिरवा उडता बेडूक तर आणखी निराळा. त्याची मादी मागच्या पायांनीं घुसळून फेंसाचें घरटें करते, तें पाण्यावर लोंबत राहतें आणि आंतलीं पिलें योग्य वेळीं खालीं गळतात.

आणि ज्याला पायच नाहींत असाहि एक उभयचर आपल्या पायांखालीं राहतो. कोंकणांत ह्याला देवगांडूळ म्हणतात. दिसण्यांत तो मोठ्या गांडुळासारखा, अंगावर वळीं, डोळे जवळजवळ कातडीखालीं झांकलेले. परंतु त्याला पाठीचा कणा आहे, जबडा आहे, दांत आहेत, आणि डोळा व नाकपुडी ह्यांच्या मध्यें एक बारीक स्पर्शेंद्रिय आहे, त्याच्या साहाय्यानें तो मातीखालीं भक्ष्य हुडकतो. कित्येक जातींत आई आपल्या अंड्यांभोवतीं वेटोळें घालून बसते. बिचाऱ्याला लोक सापाचें पिल्लू समजून कुदळीच्या दांड्यानें ठेंचतात. आंबोलीच्या एका देवगांडुळाला २००३ सालीं जे. सी. डॅनियल ह्यांच्या सन्मानार्थ नांव देण्यांत आलें. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना हें नांव नवें नाहीं.

हीं सर्व मंडळी लाजाळू. आतां ज्याच्यामुळें मीं हें भाषण लिहावयास घेतलें, त्या धीट प्राण्याकडे वळतों. तो म्हणजे आपला मोठा पिवळा बेडूक, इंग्रजींतला बुलफ्रॉग. वर्षाचे दहा-अकरा महिने तो शेवाळी, तपकिरी, कोणाच्या नजरेंत न भरणारा असतो. उन्हाळा तो जमिनींत गाडून घेऊन काढतो. पण पहिल्या पावसाबरोबर नर हळदीसारखे पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन बाजूंना निळे फुगे फुगतात, आणि डबक्यांत शेंकडों नर एकदम गर्जूं लागतात. आठवडाभरांत हा शृंगार ओसरतो व रंग पुन्हां मळतो. मादी हजारों अंडीं घालते. ह्या बेडकाला जें तोंडांत मावेल तें वर्ज्य नाहीं. कीटक, खेंकडे, लहान बेडूक, सरड्याचीं पिलें, सर्व कांहीं चालतें. इतकेंच नव्हे, तर त्याचे बेडूकमासेदेखील मांसाहारी असतात. इतर बहुतेक जातींचे बेडूकमासे शेवाळें खरवडून पोट भरतात. ह्याचे मात्र शेजाऱ्यांवर आणि प्रसंगीं भावंडांवरहि ताव मारतात.

१९८२ सालीं मी दक्षिण कोंकणांतल्या एका खेड्यांत नवा मास्तर म्हणून रुजू झालों. पहिल्याच पावसाळ्यांत वर्गांतले मोठे मुलगे सकाळीं बाकावर मान टाकून झोपूं लागले. चौकशी करतां कळलें, कीं रात्रभर गॅसबत्त्या घेऊन मळ्यांत बेडूक धरण्याचें काम चाललें आहे. प्रखर उजेड डोळ्यांवर पडला, कीं हा बेडूक जागच्या जागीं थिजतो. नुसता उचलून पोत्यांत टाकावयाचा. शहरांतून एक व्यापारी बर्फाच्या पेट्या घेऊन टेंपोनें येई. त्याला मागचे पाय तेवढे हवे असत. बाकीचीं धडें बांधावर टाकून देत, आणि तीं बराच वेळ हालत असत. हे पाय गोठवून परदेशांत खाण्याकरितां जात. १९८१ ह्या एका वर्षांत भारतांतून चार हजार टनांहून अधिक बेडकांचे पाय निर्यात झाले होते, हा आंकडा मला पुढें वाचावयास मिळाला. त्या वेळीं मला एवढेंच दिसत होतें, कीं आषाढाच्या तोंडीं, घरांतलें भात संपलें असतां, लोकांच्या हातीं रोख पैसा येत आहे.

व्यापारी तोलांत फसवितो अशी लोकांची तक्रार होती. हिशेब ठेवावयास एक लिहितावाचता मनुष्य हवा म्हणून मंडळी माझ्याकडे आलीं, आणि मी कबूल झालों. रात्रीमागें दोन रुपये मिळत. मीं नांवनिशीवार हिशेब इतका चोख ठेविला, कीं व्यापाऱ्याला एक पैसाहि दाबतां आला नाहीं, आणि त्याचा मला अभिमान वाटे. वहीच्या पहिल्या पावसाळ्यांतलीं पानें दाट लिहिलेलीं आहेत. दुसऱ्या पावसाळ्यांत एका पानावर दोन रात्री मावूं लागल्या. तिसऱ्या वर्षीं टेंपो चार वेळां आला आणि पुढें यावयाचा थांबला. त्या वर्षीं भातावर कीड अधिक होती, असें शेतकरी म्हणत. ती बेडूक नाहींसे झाल्यामुळेंच होती असें मी म्हणणार नाहीं. किडीला कारणें अनेक असतात. पण शेतांतले कीटक व खेंकडे खाणारा एक मोठा प्राणी आम्हीं उपटून टाकला होता, एवढें खरें. देशांत सर्वत्र ही ओरड होऊं लागल्यावर १९८७ सालीं सरकारनें बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याचें छत्रहि ह्या बेडकाला मिळालें. तरी गोव्यांत पावसाळा आला, कीं 'जंपिंग चिकन' ह्या लाडक्या नांवाखालीं तो अजून कोठें कोठें चोरून शिजतो, आणि वनखात्याला लोकांना ताकीद द्यावी लागते.

इथवर ही गोष्ट एका गरीब, छळलेल्या प्राण्याची वाटते. आतां समुद्र ओलांडूं या.

महाराष्ट्रीय मनाला अंदमान म्हटलें कीं काळें पाणी आणि तेथला तुरुंग आठवतो. पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें हीं बेटें म्हणजे समुद्रानें हजारों वर्षें कडेकोट बंद ठेवलेली एक पेढी आहे. तेथें मोजक्याच जातींचे बेडूक आहेत आणि त्यांतले कित्येक दुसरीकडे कोठें नाहींत. आपला पिवळा बेडूक तेथें मुळांत नव्हता. ह्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तो तेथें पोहोंचला. कसा? बहुधा मत्स्यबीजाबरोबर. मासे पाळण्याकरितां मुख्य भूमीवरून माशांचीं बोटभर पिलें डब्यांतून, पिशव्यांतून नेतात. त्यांत बेडूकमासे मिसळले तर कोण निवडून काढणार? पुढें एका बेटावरून दुसऱ्या बेटावर तो कांहीं अंशीं असाच अजाणतां गेला, आणि कांहीं ठिकाणीं लोकांनीं खाण्याच्या हेतूनें तो मुद्दाम नेला. नित्यप्रकाश मोहंती व जॉन मीझी ह्या अभ्यासकांनीं ह्या प्रसाराचा माग काढला. त्यांनीं पाहिलें त्या वेळीं वस्तीच्या आठ मोठ्या बेटांपैकीं सहा बेटांवर ह्या बेडकानें बस्तान बसविलें होतें.

त्यांनीं एक साधा प्रयोग केला. तो एखाद्या शाळेच्या व्हरांड्यांतहि करतां येण्यासारखा आहे. पाण्यांत तेथील दोन देशी जातींचे बेडूकमासे ठेविले आणि त्यांच्याबरोबर पिवळ्या बेडकाचे बेडूकमासे सोडले. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाच्या शीर्षकांतच निकाल आहे: उपऱ्याच्या सहवासांत देशी पिलांपैकीं एकहि वांचलें नाहीं. प्रौढ बेडकांचीं पोटें तपासलीं तेव्हां कीटकांबरोबर तेथले सापसुरळीसारखे प्राणी, आंधळे साप आणि बेडूकहि त्यांत निघाले. गांवकऱ्यांचें गाऱ्हाणें निराळें होतें. त्यांच्या कोंबड्यांचीं पिलें आणि तळ्यांतले लहान मासे हा पाहुणा गट्ट करीत होता.

येथें एक शंका स्वाभाविक आहे. हाच बेडूक कोंकणांत युगानुयुगें नांदतो. मग त्यानें येथल्या जाती कां संपविल्या नाहींत? मला उत्तर असें दिसतें, कीं येथले शेजारी त्याच्याबरोबर वाढलेले आहेत. सर्वांनीं आपापली सोय पाहिली आहे. कोणी ओढ्यावरच्या पानांवर अंडीं घालतो, कोणी फेंसांत, कोणी सड्यावरच्या ओंजळभर पाण्यांत. त्या ओंजळींत हा मोठा बेडूक मावतच नाहीं. शिवाय त्याला खाणारेहि येथें कमी नाहींत. दिवड आहे, बगळे आहेत. अंदमानांत त्या दोन देशी जाती नेमक्या त्याच पावसाळी डबक्यांवर अवलंबून, ज्यांत ह्याचीं अंडीं पडतात; आणि अशा मांसाहारी पिलांशीं त्यांची पूर्वीं कधींच गांठ पडलेली नाहीं.

तेथल्या एका रहिवाशाची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. चार्ल्स डार्विन ह्यांचें नांव धारण करणारा एक चिमुकला बेडूक अंदमानांत आहे. २०२४ सालीं एस. डी. बिजू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचें वर्तन प्रसिद्ध केलें. झाडाच्या ढोलींत पावसाचें पाणी सांचतें. त्या पाण्याच्या वर, ढोलीच्या आंतल्या भिंतीवर, हें जोडपें डोकें खालीं व पाय वर अशा अवस्थेंत अंडीं चिकटवितें. पिलें सुटलीं, कीं खालच्या पाण्यांत पडतात. ढोलीच्या उंचीवर पिवळ्या बेडकाचा त्रास नाहीं. परंतु ढोली जुन्या झाडालाच असते. जंगल तोडलेल्या जागीं हे बेडूक रोपवाटिकेंतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आणि टाकून दिलेल्या भांड्यांत सांचलेल्या पाण्याचा आश्रय घेतांना आढळले. घर गेल्यावर मनुष्य स्टेशनाच्या फलाटावर पथारी टाकतो, तसाच हा प्रकार.

परदेशांत अशा गोष्टी जास्त गाजल्या आहेत. १९३५ सालीं ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतांत उंसावरच्या भुंगेऱ्यांचा नाश व्हावा म्हणून हवाई बेटांतून सुमारें शंभर भेक आणविले. भुंगेरे उंसाच्या शेंड्याला, त्यांच्या अळ्या मुळाशीं जमिनींत, आणि भेकाला वर चढतां येत नाहीं! भुंगेरे राहिले, भेक मात्र उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरले. त्यांच्या कानशिलामागच्या गांठींत जहर असतें, आणि त्या खंडांत मूळचा भेक नसल्यामुळें तेथल्या घोरपडींना व क्वोल नांवाच्या मांसाहारी प्राण्यांना तें ठाऊक नव्हतें. त्यांनीं भेक खाल्ले आणि तीं मेलीं. मादागास्कर बेटांतहि मूळचे भेक नाहींत. आपल्या मोरीपाशीं, अंगणांतल्या दिव्याखालीं जो खरबरीत भेक किडे टिपावयास येऊन बसतो, त्याच जातीचे आग्नेय आशियांतले भेक तेथील तोआमासिना बंदरापाशीं २०१४ सालीं आढळले, आणि आतां ते तेथून हटत नाहींत. आपल्याकडचा हा अगदीं निरुपद्रवी प्राणी! तेथील बहुतेक प्राण्यांच्या अंगांत त्याचें विष सोसण्याची शक्ति नाहीं, असें तपासाअंतीं दिसून आलें.

कोणी म्हणेल, मग अंदमानांतला बेडूक मारून टाका; तेथें तरी खाऊं द्या. बोलण्यास हें सोपें आहे. हजारों अंडीं घालणारा प्राणी एकदां डबक्या-डबक्यांत पसरल्यावर हातानें वेंचून संपत नाहीं. कोंकणांत आम्हीं त्याला जवळजवळ संपविला, त्याला परदेशचें गिऱ्हाईक आणि आमची उपासमार दोन्ही कारणीभूत होत्या. शिवाय खाण्याची चटक लागली, कीं जेथें तो अद्याप नाहीं तेथेंहि लोक तो नेऊन सोडतात. ज्या बेटांवर तो पोहोंचलेला नाहीं तेथें मत्स्यबीजाचा प्रत्येक डबा धक्क्यावर उतरतांना तपासणें, हाच मला त्यांतल्या त्यांत हातीं असलेला उपाय दिसतो. खर्च फारसा नाहीं. एक जाळी, एक पांढरें घमेलें आणि बेडूकमासा व मासा ह्यांतला फरक ओळखणारा एक माणूस पुरे.

शहरांतल्या श्रोत्यांकडेहि एक मागणें आहे. पावसाळी सहलीहून परततांना मुलें बाटलींत बेडूकमासे भरून आणतात. त्यांची हौस मोडूं नका. जागेवरच, पांढऱ्या वाटींत घेऊन त्यांना तें दाखवा आणि मग त्याच डबक्यांत परत सोडा. घरीं आणून कंटाळा आल्यावर बागेंतल्या हौदांत किंवा गांवाबाहेरच्या तळ्यांत मात्र सोडूं नका. डांसांच्या नायनाटाकरितां विहिरींत गॅम्बुशिया मासे सोडण्याची जी पद्धत आहे, तिच्यापायींहि बेडकांच्या अंड्यांवर व पिलांवर संक्रांत येते. पाणी वापरांतलें असून झांकतां येण्यासारखें असेल, तर झांकण हा उपाय अधिक बरा. आणि परसांत खणतांना बिनपायांचें, वळीदार, ओलसर असें कांहीं निघालें, तर कुदळ बाजूला ठेवून त्यावर पुन्हां माती लोटा.

निवृत्त झाल्यावर मी त्याच खेड्यांत घर बांधून राहिलों आहें. ती हिशेबाची वही अजून माझ्या पेटींत आहे. गेल्या जूनमध्यें पहिल्या पावसाच्या रात्रीं मी कंदील घेऊन त्याच मळ्यांत गेलों, आणि वहीच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर तारीख घालून आवाज मोजूं लागलों. पहिल्या रात्रीं एकोणीस भरले. दुसऱ्या रात्रीं एकतीस. तिसऱ्या रात्रीं पाऊस फार झाला आणि मोजदाद चुकली.